नथू आबांचा नंबर

परवा ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं मला विचारलं, "ताई, आपल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रत्येक आवृत्तीखाली 'तपासलं : नथू' असं लिहिलंय, आणि पुढे दोन आकडी नंबर. हा नथू कोण?"

मी म्हटलं, "होते एक. जुने टेस्टर." आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

होते एक! ज्या माणसानं मला काम म्हणजे काय ते शिकवलं, त्याची ओळख मी अशी उरकली. आणखी एक शब्द बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नाही. आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. निदान लिहून तरी टाकते.

नथू आबा टाकवे बुद्रुकचे. उभा जन्म रेल्वेत गेटमन म्हणून गेला, तोही एकाच फाटकावर. पुढे तिथं रुळांखालून रस्ता निघाला, फाटक गेलं आणि आबाही निवृत्त झाले. घरी बसवेना, म्हणून आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात आले. आले ते कुलूप उघडायला, झाडलोट करायला, पाणी भरायला. ऑफिस म्हणजे काय, एका लॉजच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि आम्ही पाच माणसं. मालक निखिलदादा आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लोणावळ्या-खंडाळ्यातले बंगले सुट्टीला भाड्यानं जातात, त्यांच्या बुकिंगचं एक मोठं सॉफ्टवेअर होतं. ते दुसऱ्यांचं. आम्ही त्याला जोडायचा एक तुकडा बनवायचो, ज्याला आमच्या धंद्यात प्लगइन म्हणतात. कोणी बंगला बुक केला, बुकिंग बदललं किंवा रद्द केलं, की तिथल्या केअरटेकरच्या फोनवर आमचा प्लगइन मराठीत मेसेज पाठवायचा. बंगले सांभाळणारी ही माणसं बहुतेक आसपासच्या गावांतली. साधा फोन, हाताला सदा काम.

एकदा मेसेज नीट जातो का ते बघायला निखिलदादानं आबांचा फोन मागितला, कारण ऑफिसात सगळ्यांत जुना फोन त्यांचा. मेसेज गेला. आबांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचला, "आपल्या मालमत्तेवरील आरक्षणाचे रद्दीकरण यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे." हे माझं वाक्य. शुद्ध मराठीचा मला तेव्हा भारी अभिमान.

आबा म्हणाले, "यशस्वी झालं म्हंजी पावनं येनार का न्हाई?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "हसू नका. त्या बाईनं चूल पेटवायची का न्हाई, येवडं सांगा की तिला."

निखिलदादानं त्यांच्यासमोर कागद ठेवला. आबा बोलायचे मावळातलं, पण लिहायचे शाळेतलं. त्यांनी सावकाश लिहिलं : "पाहुणे येणार नाहीत. स्वयंपाक करू नका." माझ्या शुद्ध मराठीला तिथंच मूठमाती मिळाली, आणि आबा आमचे टेस्टर झाले. केअरटेकरांसाठीची माहितीपुस्तिकाही पुढे तेच लिहू लागले. झाडलोट मात्र त्यांनी सोडली नाही. म्हणायचे, "आदी जागा साफ, मंग काम."

त्यांचं तपासणं बघण्यासारखं असे. मेसेज मिळाला की केअरटेकरनं उत्तरादाखल दाबायचं एक बटण होतं, ते आम्ही शहाणी माणसं एकदा दाबायचो आणि चालतंय म्हणायचो. आबा आधी ठरवायचे आज आपण कोण. "आज मी खंडाळ्याची सखुबाई. हात वलं." मग खरोखर मोरीवर जाऊन हात ओले करायचे आणि ओल्या अंगठ्यानं बटण दाबायचे. एकदाच्या दाबण्यानं समाधान होईना म्हणून तीनदा. त्या तीनदात आमचा प्लगइन बंगल्याच्या मालकाला 'मी हजर आहे' असे तीन मेसेज पाठवायचा. ही चूक आम्हाला सहा महिन्यांत सापडली नव्हती, आबांनी अर्ध्या तासात काढली. कधी ते बिनचष्म्याचे म्हातारे व्हायचे, कधी फोन बायकोकडे ठेवून बाजारात गेलेला माणूस. मग खरंच खाली जाऊन यायचे आणि विचारायचे, "आता मला कोन सांगनार, पावनं आलं म्हनून?"

त्यांना काही सांगितलं की ते आधी आपल्याला तेच परत ऐकवायचे. "आबा, दुपारी नवीन आवृत्ती देते." "दुपारी नवी आवृत्ती देनार. किती वाजता?" मग वेळ वहीत. कोणी म्हणालं, "ते झालं असेल," की आबांचा चेहरा आंबट व्हायचा. "आसंल म्हंजी न्हाई." निखिलदादाला तर त्यांनी मोठ्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत असताना हे वाक्य ऐकवलं होतं.

हे सगळं फाटकावरचं. गेटमननं फाटक लावलं की स्टेशनमास्तरला फोनवर एक गुप्त नंबर द्यायचा असतो. त्या उलटसुलट नंबरांची छापील शीट गेटमनकडे असते, एकदा दिलेल्या नंबरवर काट मारायची. नंबर दिला याचा अर्थ, फाटक लागलंय हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग गाडी सुटते. एकदा पेंढ्याची ट्रॉली रुळांवर अडकली होती, दहा माणसं ती ढकलत होती आणि मास्तर फोनवर घाई करत होते. ते सांगताना आबा दोघांचेही आवाज काढायचे. "मास्तर म्हनले, नथू, नंबर दे, तंवर निगंल ट्रॉली. मी म्हनलं, निगंल म्हंजी न्हाई. म्हनले, गाडी हुबी ऱ्हाईल. म्हनलं, ऱ्हाऊ द्या." गाडी खोळंबली, आबांना लेखी ताकीद मिळाली आणि मास्तर दोन महिने बोलले नाहीत. ती ताकीद त्यांनी घरी ट्रंकेत जपून ठेवली होती. लोक बक्षिसं जपतात, हा माणूस ताकीद जपायचा.

आमच्याकडेही त्यांनी तेच सुरू केलं. निखिलदादाकडून एक शीट छापून घेतली आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवू लागले. आवृत्ती स्वतः फोनवर बघितली की मला नंबर सांगायचे, "लिही, सत्तेचाळीस." मी लिहायची, "तपासलं : नथू, ४७." नंबर नसेल तर आवृत्ती बाहेर जायची नाही. आम्हाला गंमत वाटायची. केअरटेकरांना मात्र ही गोष्ट माहीत झाली होती. आबा लोकलनं येता-जाता त्यांच्याशी बोलायचे. "नथूभाऊनं बगितलंय ना? मग बिनघोर," असं खंडाळ्यातल्या बायका म्हणायच्या.

आता माझ्याकडे येते. प्रत्येक आवृत्तीला आमचे तीन दिवस जायचे : तपासायला, पुस्तिका सुधारायला, आणि सगळ्या फाइली एकत्र बांधून ठेवायला. बांधताना हमखास कोणीतरी एखादी फाइल विसरायचं. हे सगळं मशीनकडून करून घ्यायचं मी ठरवलं. आबा दुखावतील म्हणून समजुतीचं एक भाषणसुद्धा तयार ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. आबा तीन आठवडे माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. "अंगटा तीनदा दाबला तर? फोन बंद आसंल तर? रेंज गेली आन् परत आली तर?" एकेक प्रश्न ते सांगत गेले, मी मशीनला शिकवत गेले. पुस्तिकेची त्यांची वाक्यंही अशी बसवली की आवृत्ती बदलली की पुस्तिका आपोआप तयार व्हावी. शेवटी एक बटण दाबलं की बारा मिनिटांत तपासणी, पुस्तिका आणि बांधाबांध, सगळं व्हायला लागलं. पहिल्यांदा पडद्यावर हिरव्या खुणा उमटत गेल्या तेव्हा आबा बाराही मिनिटं बघत बसले.

"बेस झालं," ते म्हणाले. "ह्याला माज्यावानी जांभई येत न्हाई. फकस्त येक कर. समदं झालं की यानं थांबायचं. मी येकदा माज्या फोनवर बगनार, नंबर देनार, मंगच पुढं."

मी कबूल झाले. मात्र दिलेला नंबर खरा आहे हे मशीनला कळावं म्हणून मी त्यांच्याकडे शीट मागितली. आबा घुटमळले. "शीट कुनाला दावत न्हाईत पोरी. नेमच हाय तसा." मी म्हटलं, "आबा, माझ्यावर विश्वास नाही का?" त्यांनी खिशातून शीट काढली आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहिले. मी फोटो घेतला.

पुढचं लिहायला मला लाज वाटते.

एकदा आबा दात काढायला गेले होते आणि मला घाई होती. मी त्यांच्या शीटवरचा एक नंबर घातला. काहीच बिघडलं नाही. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काळ सोकावतो म्हणतात तो असा. शेवटी मी मशीनलाच सांगून ठेवलं की तासाभरात नंबर आला नाही, तर तूच शीटवरचा घे, 'तपासलं : नथू' असं लिही आणि पुढे जा. आबा शीटवर वरून खाली यायचे, म्हणून मशीननं खालून वर जायचं, म्हणजे गाठ पडायची नाही. एवढा बारीक विचार मी केला होता. चूक नकळत झाली असं म्हणायलाही मला जागा नाही.

भातलावणीला आबा आठवडाभर गावीच राहिले. मी मेसेज लवकर जावेत म्हणून एक सुधारणा केली होती. पाहुण्यांची संख्या बदलली की आमचा प्लगइन दोन मेसेज पाठवायचा, आधी जुनं बुकिंग रद्द झाल्याचा, मग नवीन झाल्याचा. माझ्या सुधारणेनंतर ते उलट्या क्रमानं जायला लागले. मशीननं बघितलं, दोन मेसेज गेले का? गेले. हिरवी खूण. आबांच्या हातात फोन असता तर एका नजरेत कळलं असतं, कारण आधी आलं "नऊ पाहुणे येणार," आणि त्यावर लगेच, "पाहुणे येणार नाहीत. स्वयंपाक करू नका." मशीननं तासभर वाट पाहिली, मग त्रेसष्ट नंबर उचलला आणि आवृत्ती बाहेर गेली.

खंडाळ्याच्या एका बंगल्यावर गंगूमावशी वीसेक वर्षं होत्या. मागच्या खोलीतच राहायच्या. त्यांनी शेवटचा मेसेज वाचला, कुलूप लावलं आणि आंबी गावाला लेकीकडे गेल्या. संध्याकाळी नऊ पाहुणे आले, त्यांत एक आजारी म्हातारे. दोन तास सगळे पावसात फाटकाबाहेर. मालकानं दुसऱ्या दिवशी मावशींना कामावरून काढलं. काम गेलं तशी खोलीही गेली. मावशी फोन दाखवत राहिल्या, पण मालक म्हणाले, दोन्ही मेसेज आहेत की, वाचता येत नाही का?

लावणी उरकून आबा कामावर आले त्या सकाळी निखिलदादानं सगळ्यांना बोलावलं. त्यानं पडदा आमच्याकडे फिरवला. "आबा, ही आवृत्ती तुम्ही बघितली होती ना? तुमचा नंबर आहे. त्रेसष्ट."

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग आतल्या खिशातून शीट काढली, उलगडली आणि बोट फिरवत पार तळाशी नेलं. त्रेसष्ट कोरा होता, काट नव्हती. मी समोरच होते, मला स्पष्ट दिसलं. आबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फाटकावरून गाडी जाताना डबे मोजावेत तसं बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'दादा, ते मी केलं.' मी मूग गिळून बसले.

"पेन दे गं," आबा मला म्हणाले. मी दिलं. माझ्याच पेननं त्यांनी त्रेसष्टवर काट मारली, पेन परत केलं आणि म्हणाले, "व्हय. नंबर माजा हाय."

निखिलदादा हळूच म्हणाला, "आबा, पण तुम्ही तर गावी होता?"

"ज्याची शीट दुसऱ्याच्या हाती गेली, त्यानं गेटावर ऱ्हाऊ न्हाई," आबा म्हणाले. "मी उद्यापास्नं येत न्हाई."

निखिलदादाला त्याचा अर्थ कळला नाही. वयाचा परिणाम असावा असं समजून त्यानं आबांना आग्रह केला, मग सोडून दिला. जाताना आबांनी दोन्ही खोल्या झाडल्या. ते गेल्यावर मी मशीनमधली ती ओळ काढून टाकली. पुरावा नाहीसा केला म्हणा ना.

नंतर कळलं की त्याच आठवड्यात आबा खंडाळ्याला जाऊन गंगूमावशींच्या पाया पडून आले. मावशींनी त्यांना भर रस्त्यात वाटेल तसं बोलून घेतलं. आबा म्हणाले, "माजीच चूक." मग केअरटेकरांमध्ये तेच पसरलं. 'त्या गेटमनमुळं गंगूमावशी देशोधडीला लागली.' ज्या बायका त्यांच्या नावावर बिनघोर असायच्या, त्या आता ते नाव काढून बोटं मोडायच्या. मी रोज ऑफिसात येत होते. मेसेजचा क्रम मी अर्ध्या तासात दुरुस्त केला आणि निखिलदादानं माझं कौतुकही केलं.

भातकापणी उरकल्यावर एका रविवारी मी टाकव्याला गेले. तीन महिने धीर गोळा करत होते. आबा अंगणात भात वाळत घालत होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, तेच मला सोसेना. काकूंनी चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आबा, तो नंबर मी घातला होता."

"ठाव हाय," आबा म्हणाले. भातावरून फिरणारा हात थांबलाही नाही.

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग पोरी? मला तवाच कळलं व्हतं. गंगूबाई खंडाळ्यातच हाय, दोन घरची भांडी घासती. मला बोलली खरी, पर ती तवापास्नं सोताला दोस देती, मला वाचताच आलं न्हाई म्हनती. तिला सांग. आन् निखिलला सांग, त्यो मालकाला सांगंल."

"सांगते आबा."

"मंग आत्ताच जा. अजून उजेड हाय. मी फाट्यापतुर येतो."

त्यांनी टोपी घातली. आम्ही जीपनं कान्हे फाट्यावर आलो. आबांनी मला हाताला धरून रस्ता ओलांडून लोणावळ्याकडच्या बाजूला उभं केलं. बस आली तेव्हा म्हणाले, "भिऊ नगस. बाई ओरडंल, मंग गप व्हईल." मी चढले. बस वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच होते.

मी कामशेतला उतरले. पुढचाच थांबा. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, घरी परतायला रात्र झाली असती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. रस्ता ओलांडून मी तळेगावच्या, माझ्या घराकडच्या बसमध्ये बसले. गंगूमावशींकडे मी त्या दिवशी गेले नाही, आणि अजूनही गेलेले नाही.

ती बस कान्हे फाट्यावर थांबेल हे मला बसताना सुचलंच नाही. टाकव्याची जीप भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून आबा रस्त्याच्या या बाजूला येऊन अजून उभेच होते. एकटेच, माझ्या खिडकीपासून पाच-सहा हातांवर. ते लोणावळ्याच्या दिशेनं बघत होते, मी गेले त्या दिशेनं, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तसं मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. कंडक्टर दारातून ओरडला, "तळेगाव, तळेगाव!" आवाजासरशी आबांची मान बसकडे वळायला लागली.

मी चप्पल शोधल्यासारखं करून सीटखाली वाकले. कोणीतरी चढलं, कोणीतरी उतरलं. आबांना मी शेवटचं पाहिलं ते हेच, कारण बस सुटून बरीच पुढे गेली तरी मी वाकलेलीच होते.